कॅको-२: ब्लॉटमध्ये ई-कॅडहेरिन भरपूर, मग २१व्या दिवशी मायक्रोस्कोपखाली ते दिसत का नाही?

ऐरोली_८ (प्रश्न)

नमस्कार. मी एमएस्सी बायोटेकच्या शेवटच्या सेमिस्टरला आहे. डिझर्टेशनसाठी महापे एमआयडीसीतल्या एका खासगी लॅबमध्ये जाते. तिथे कॅको-२ (माणसाच्या मोठ्या आतड्याच्या कर्करोगातून आलेल्या) सेल्सचा थर वाढवून औषधं आतड्याच्या आवरणातून किती आरपार जातात ते मोजतात. माझा विषय त्याला लागूनच आहे. सेल्स लावल्यापासून २१ दिवसांत, म्हणजे थर पूर्ण तयार होईपर्यंत, एकमेकींना धरून ठेवणारी प्रथिनं कशी बदलत जातात, हे बघायचं आहे. ई-कॅडहेरिन, बीटा-कॅटेनिन आणि झेडओ-१ अशी तीनच घेतली आहेत.

दिवस ३, ७, १४ आणि २१ असे चार टप्पे ठेवलेत. वेस्टर्न ब्लॉटमध्ये (सेल्स विरघळवून त्यातलं एकूण प्रथिन बघतात) ई-कॅडहेरिनचा १२० किलोडाल्टनचा बँड दिवस ३ पासून ७ पर्यंत वाढतो आणि पुढे जवळपास तेवढाच राहतो. इथवर ठीक आहे. पण कव्हरस्लिपवर (पातळ काचेवर) इम्युनोफ्लुरोसन्स केलं, म्हणजे चमकणाऱ्या अँटिबॉडीने प्रथिनाची जागा बघितली, की चित्र उलटं येतं. तिसऱ्या दिवशी प्रत्येक सेलची कड स्वच्छ दिसते, सातव्याला ठीकठाक, चौदाव्याला मधेमधे तुटक. एकविसाव्याला तर बहुतेक सगळा भाग काळा, आणि मधेच एखाद्या ठिकाणी पाच-दहा सेल्सचा घोळका एकदम लख्ख. झेडओ-१ मात्र चारही दिवस सुंदर येतं, षटकोनी जाळी अगदी रेखीव.

गाईड म्हणतात अँटिबॉडी खराब झाली, नवी मागवा. नवी यायला किती आठवडे लागतील सांगता येत नाही, आणि सबमिशन तोंडावर आलंय. लॅबमधले एक सीनियर म्हणाले, सेल्स जुन्या झाल्या की ई-कॅडहेरिन कमी होतंच, तसंच लिहून टाक. मला ते पटत नाही. थर तयार झाल्यावर सेल्स जास्त घट्ट व्हायला हव्यात ना? मग धरून ठेवणारं प्रथिन कमी कसं होईल? कोणी समजावून सांगेल का?

सानपाडा_बेंच

आधी सोपी गोष्ट. तिसऱ्या आणि एकविसाव्या दिवसाच्या कव्हरस्लिप एकाच दिवशी, एकाच व्हायलमधून स्टेन केल्या होत्या का? केल्या असतील आणि तिसऱ्या दिवसाची छान आली असेल, तर अँटिबॉडीला दोष देऊ नका.

दुसरं, फिक्स करण्याआधी, म्हणजे सेल्स रसायनाने जागच्या जागी पक्क्या करण्याआधी, कोणत्या पीबीएसने (धुण्याच्या खारट बफरने) धुता? कॅल्शियम-मॅग्नेशियम असलेलंच घ्या. कॅडहेरिनचा बाहेरचा भाग कॅल्शियमवर ताठ उभा असतो. डीएमईएममध्ये (सेल्स वाढवायच्या मीडियात) १.८ मिलिमोलर कॅल्शियम असतं. तुम्ही कॅल्शियम नसलेल्या पीबीएसने दोन-तीनदा निवांत धुतलंत तर जोड तिथेच सैल व्हायला लागतात. पॅसेज नंबरही (सेल्स किती वेळा नव्या फ्लास्कमध्ये लावल्या तो आकडा) लिहा.

ऐरोली_८

सर, हो. फिक्स केलेल्या सगळ्या कव्हरस्लिप ४ अंशांवर पीबीएसमध्ये ठेवल्या होत्या आणि एकत्रच स्टेन केल्या, एकाच व्हायलमधून. तिसऱ्या दिवसाची छान आली. पीबीएस कॅल्शियमवालंच आहे. पॅसेज ३८.

खारघर_कल्चर

अगं, मग अँटिबॉडी चांगली आहे, सेल्स चांगल्या आहेत आणि ई-कॅडहेरिनही कुठे गेलेलं नाही. तुझ्या चित्रावरून मला एक अंदाज येतोय. झेडओ-१ सेलच्या आत असतं. ते दिसतंय म्हणजे त्या कव्हरस्लिपला तू ट्रायटन (सेलच्या पटलाला भोकं पाडणारा डिटर्जंट) दिलेला असणार. ई-कॅडहेरिनच्या कव्हरस्लिपला दिला होतास का? आणि तुझी अँटिबॉडी ई-कॅडहेरिनच्या बाहेरच्या भागाला लागणारी आहे का, म्हणजे एचईसीडी-१ सारखी? बऱ्याच लॅबमध्ये ‘प्रथिन पृष्ठभागावर आहे, मग भोकं कशाला पाडायची’ म्हणून ट्रायटन गाळतात. तुझ्याकडे तसं असेल तर सगळा उलगडा होतो.

असं बघ. ई-कॅडहेरिन सेलच्या डोक्यावर नसतं, बाजूंना असतं, दोन सेल्सच्या मधल्या फटीत. तिसऱ्या दिवशी त्या फटीचं तोंड उघडं असतं, त्यामुळे वरून टाकलेली अँटिबॉडी आत उतरते. पुढे सेल्स टाइट जंक्शन (फट बंद करणारे जोड) बांधतात, आणि ती बसतात फटीच्या अगदी वरच्या टोकाला. जिथून साधे आयनसुद्धा मोजूनमापून जातात, तिथून १५० किलोडाल्टनचा इम्युनोग्लोब्युलिन जाणार कसा? फिक्स केल्यावरही ते दार बहुतांशी बंदच राहतं. म्हणजे तुझी २१व्या दिवसाची काळी कव्हरस्लिप असं सांगतेय की थर उत्तम तयार झालाय. तो लख्ख घोळका बहुधा जिथे थर फाटलाय किंवा उचकटलाय तिथला असेल. कॅको-२ काचेवर किंवा प्लॅस्टिकवर पूर्ण भरल्या की वरचं पाणी खाली ढकलतात आणि जागोजागी थर घुमटासारखा फुगतो. धुताना असे घुमट फुटतात आणि त्यांच्या कडेने अँटिबॉडी आत शिरते. फेज कॉन्ट्रास्टमध्ये (स्टेनशिवाय सेल्स दाखवणाऱ्या मायक्रोस्कोपमध्ये) त्या घोळक्याच्या शेजारी फाटलेली कड दिसते का ते बघ.

नवी व्हायल मागवू नकोस. फिक्स केल्यावर ०.२ टक्के ट्रायटन १० मिनिटं दे, मग ब्लॉकिंग, मग तीच अँटिबॉडी. तिसरा आणि एकविसावा, दोन्ही दिवस, दोन्ही तऱ्हेने कर, ट्रायटनसह आणि ट्रायटनशिवाय. या चार कव्हरस्लिप तुझ्या थिसिसमधली सर्वात बोलकी आकृती होतील.

आता तुझ्या मूळ प्रश्नाकडे येते, कारण तो प्रश्न फार चांगला आहे आणि ‘वाढलं की कमी झालं’ एवढ्यावर तो संपू नये असं मला मनापासून वाटतं. मी गेली बरीच वर्षं आवरणपेशींचीच कल्चर सांभाळते आहे, नव्या मुलामुलींना शिकवते. दर वर्षी कोणीतरी बँडची उंची मोजून निष्कर्ष काढतं. थर तयार होताना ई-कॅडहेरिनचं प्रमाण सुरुवातीनंतर फार हलत नाही. हलतं ते त्याचं ठिकाण, आणि ते आतल्या सांगाड्याला किती पक्कं बांधलंय ते. तुझा ब्लॉट हे दोन्ही दाखवूच शकत नाही, कारण तू सगळी सेल उकळून एकत्र करतेस.

क्रमाने सांगते. फ्लास्कमधून सेल्स सोडवताना तू ट्रिप्सिन-ईडीटीए वापरतेस. ईडीटीए कॅल्शियम ओढून घेतं आणि उघडं पडलेलं कॅडहेरिन ट्रिप्सिन कापून टाकतं. कॅल्शियम असताना तेच ट्रिप्सिन त्याला हात लावत नाही. मासातोशी ताकेइची यांना १९७७ च्या सुमारास याच फरकावरून कॅल्शियमवर चालणारी चिकटण्याची यंत्रणा वेगळी काढता आली, कॅडहेरिन हे नाव नंतरचं. म्हणून सेल्स लावल्यानंतरचा पहिला दीड-दोन दिवस त्या पृष्ठभागावरचं कॅडहेरिन नव्याने भरत असतात. सुरुवातीच्या दिवसांतली वाढ बघताना हे डोक्यात ठेव. त्यात परिपक्वतेचा भाग किती आणि ट्रिप्सिनची भरपाई किती हे वेगळं करता येत नाही.

मग दोन सेल्सच्या पातळ कडा एकमेकींवर सरकतात. जिथे टेकतात तिथे ई-कॅडहेरिनचे बारीक ठिपके दिसतात, आणि प्रत्येक ठिपक्याच्या मागे सांगाड्याचा, म्हणजे ॲक्टिनचा, धागा येऊन थांबतो. या टप्प्यावर झेडओ-१ सुद्धा त्याच ठिपक्यांत असतं, दोन्ही रंग एकमेकांवर बसतात. पुढे ठिपके जुळत जुळत सलग रेषा होते आणि मग ती दोघं वेगळी होतात. झेडओ-१ वर सरकतं, टाइट जंक्शनच्या पट्ट्यात. ई-कॅडहेरिनचा पट्टा त्याच्या लगेच खाली राहतो आणि बाकीचं बाजूच्या पूर्ण उंचीवर पसरतं. तिसऱ्या दिवशी दोन्ही रंग एकत्र आणि एकविसाव्याला एकावर एक वेगळ्या पातळीवर, हा तुझ्या प्रोजेक्टचा खरा निकाल आहे, आणि तो वरून काढलेल्या एका फोटोत कधीच दिसणार नाही. कॉन्फोकलवर (एकेक पातळी वेगळी टिपणाऱ्या मायक्रोस्कोपवर) तळापासून टोकापर्यंत स्टॅक घे आणि उभा छेद काढ. सुरुवातीला पसरट असलेल्या सेल्स एवढ्या दिवसांत उंच होतात. उंच सेलच्या एकाच पातळीवर फोकस केलास तर तेच प्रथिन जास्त उंचीवर पसरल्यामुळे त्या पातळीत रेषा आणखी फिकी दिसते. ट्रायटन देऊनसुद्धा तुला सातव्यापेक्षा एकविसाव्याला थोडं फिकं वाटलं तर गडबडू नकोस, स्टॅकची बेरीज कर.

आता पक्केपणाबद्दल. पटलावरचं सगळं कॅडहेरिन एकसारखं नसतं. काही मोकळं फिरतं, सारखं आत ओढलं जातं, परत वर येतं. त्याचं एकूण आयुष्यच काही तासांचं असतं. काही मात्र समोरच्या सेलच्या कॅडहेरिनला धरून, गठ्ठ्याने, आतल्या ॲक्टिनला बांधलेलं असतं. शेपटीला बीटा-कॅटेनिन तयार होतानाच लागतं, पेशीच्या आत, पटलावर पोचण्याआधी. पी१२० कॅटेनिन पटलाजवळ बसून त्याला आत ओढलं जाण्यापासून वाचवतं. पी१२० काढून टाकलं तर कॅडहेरिन भराभर नष्ट होतं. बीटा-कॅटेनिनला अल्फा-कॅटेनिन लागतं आणि त्याच्यामार्फत ॲक्टिन. ही शेवटची कडी बराच काळ वादात होती. २००५ मध्ये स्टॅनफर्डच्या विल्यम वाइस आणि जेम्स नेल्सन यांच्या प्रयोगशाळांनी दाखवलं की टेस्ट ट्यूबमध्ये अल्फा-कॅटेनिन एका वेळी बीटा-कॅटेनिन तरी धरतं किंवा ॲक्टिन तरी, दोन्ही नाही. पाठ्यपुस्तकातली सरळ साखळीच डळमळली. मग २०१४ मध्ये त्याच गटांकडून उत्तर आलं: धागा ओढलेला असेल, ताण असेल, तर पूर्ण जोडणी ॲक्टिनला घट्ट धरते. टेस्ट ट्यूबमध्ये ओढायला कोणी नव्हतं. मला हा भाग फार आवडतो, आणि तुझ्या विषयाशी त्याचा थेट संबंध आहे: तयार झालेल्या थरात सगळ्या सेल्स एकमेकींना सतत ओढत असतात, म्हणूनच जोड टिकतो.

हे मोजायला कॉन्फोकलही लागत नाही. फिक्स करण्याआधी सेल्सवर ट्रायटनचं सौम्य बफर टाकायचं. मोकळं प्रथिन बफरमध्ये उतरतं, सांगाड्याला बांधलेलं डिशवरच राहतं. दोन्ही वेगवेगळे ब्लॉट कर. मोकळा वाटा कमी होत जातो आणि बांधलेला वाढतो, असा कल थर जुळताना दिसायला हवा. म्हणजे फिक्सनंतर ट्रायटन दिलास तर सगळं कॅडहेरिन दिसेल, फिक्सआधी दिलास तर फक्त बांधलेलं.

आणखी एक, बीटा-कॅटेनिनबद्दल सावध राहा. कॅको-२ या ७२ वर्षांच्या रुग्णाच्या मोठ्या आतड्याच्या कर्करोगातून आलेल्या सेल्स आहेत आणि त्यांचं एपीसी प्रथिन अर्धवट आहे. निरोगी सेलमध्ये एपीसी जास्तीच्या बीटा-कॅटेनिनची विल्हेवाट लावायला मदत करतं, इथे ते नीट होत नाही. केंद्रकात बीटा-कॅटेनिन दिसलं तर ते थेट परिपक्वतेच्या नावावर लिहू नकोस.

ऐरोली_८

ताई, अगदी बरोबर! अँटिबॉडी एचईसीडी-१ आहे आणि त्या कव्हरस्लिपला ट्रायटन दिलेला नाही. लॅबच्या जुन्या वहीत ‘सरफेस मार्कर, नो परमिएबिलायझेशन’ असंच लिहिलंय. झेडओ-१ चं पान वेगळं आहे, त्यात ट्रायटन आहे. आणि ब्लॉटसाठी शेपटीला लागणारी दुसरी अँटिबॉडी आहे.

आज फेज कॉन्ट्रास्टमध्ये बघितलं. दोन घोळक्यांच्या शेजारी थर खरंच सुटलेला आहे, गोल दुमडलेली कड दिसते.

दोन प्रश्न. थर घट्ट झालाय हे दुसऱ्या कुठल्या मार्गाने दाखवू, म्हणजे गाईडना पटेल? लॅबमध्ये टीईईआरचं (थराचा विद्युत रोध मोजायचं) मीटर आहे, पण ते इन्सर्टवर (तळाला सच्छिद्र पडदा असलेल्या कपावर) चालतं, माझ्या कव्हरस्लिप काचेच्या आहेत. आणि ई-कॅडहेरिन सगळ्याच आवरणपेशींत असंच वागतं का?

ठाणे_पॅथो

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी देतो. ठाण्यात हिस्टोपॅथॉलॉजी बघतो, कल्चरशी माझा संबंध नाही.

आतड्याच्या एकेरी थरात जे दिसतं तेच त्वचेत दिसेल असं नाही. त्वचेत पेशी तयार होते म्हणजे तळापासून वर सरकते, आणि सरकताना तिची प्रथिनं बदलतात. ई-कॅडहेरिन जवळपास सगळ्या जिवंत थरांत असतं, पी-कॅडहेरिन मुख्यतः तळाच्या थरात. तळाला धरून ठेवणारे इंटेग्रिन पेशी वर निघाली की कमी होतात. डेस्मोसोममधला (पेशींना जोडणाऱ्या दुसऱ्या प्रकारच्या जोडातला) बदल तर रोगातून दिसतो. त्यातलं डेस्मोग्लीन-३ त्वचेत खालच्या थरांत जास्त, डेस्मोग्लीन-१ वरच्या थरांत जास्त. तोंडाच्या आतल्या आवरणात भर डेस्मोग्लीन-३ वर. पेम्फिगस व्हल्गॅरिस या फोडांच्या रोगात शरीर डेस्मोग्लीन-३ विरुद्ध अँटिबॉडी बनवतं, म्हणून पुष्कळ रुग्णांना सुरुवात तोंडातल्या फोडांपासून होते. त्वचेवर फोड येतो तो तळाच्या थराच्या लगेच वर. पेम्फिगस फोलिएशसमध्ये अँटिबॉडी डेस्मोग्लीन-१ विरुद्ध, फोड वरच्या थरात, तोंड सहसा सुटतं. पेशी कुठवर तयार झाली आहे त्यावर ती कशाने धरली जाते हे ठरतं, ते असं स्लाइडवर उघड दिसतं. आमच्याकडे तोंडातले फोड घेऊन माणसं आधी महिनोन्‌महिने दातांच्या डॉक्टरांकडे फिरून येतात, म्हणून एवढं सविस्तर लिहिलं.

खारघर_कल्चर यांनी ठिकाणाबद्दल जे सांगितलं त्याला आमच्याकडे रोजचं उदाहरण आहे. स्तनाच्या लोब्युलर कर्करोगात ई-कॅडहेरिन सहसा गेलेलं असतं, पण काही केसेसमध्ये प्रथिन शिल्लक असतं, कामाचं नसतं आणि स्टेन मात्र येतो. नुसतं ‘आहे की नाही’ बघितलं तर निदान अडतं. अशा वेळी आम्ही पी१२० लावतो. डक्टल या दुसऱ्या प्रकारात ते पेशीच्या कडेला दिसतं, लोब्युलरमध्ये कॅडहेरिनचा आधार सुटल्यामुळे सायटोप्लाझमभर पसरतं. पी१२० आहे दोन्हीकडे. रिपोर्ट लिहितो तो त्याच्या जागेवरून.

खारघर_कल्चर

डॉक्टर, पी१२०चं उदाहरण छान दिलंत. ऐरोली, हे तुझ्या प्रस्तावनेत घाल.

आता पहिल्या प्रश्नाबद्दल. शक्य असेल तर शेवटच्या फेरीसाठी सेल्स इन्सर्टवरच लाव, ०.४ मायक्रॉनच्या पारदर्शक पॉलिएस्टरच्या. काचेवर सेल्सना अन्न फक्त वरून मिळतं, घुमट होतात, आणि २१ दिवस धुणं-बदलणं सोसता सोसता थर सुटतो. इन्सर्टवर दोन्ही बाजूंनी मीडिया असतो, थर सपाट आणि उंच वाढतो. टीईईआरही त्याच इन्सर्टवर मोजता येईल. फक्त आकडा लिहिताना नीट लिही. रिकाम्या इन्सर्टचा रोध आधी वजा करायचा, मग क्षेत्रफळाने गुणायचं. समजा मीटर ४५० ओहम दाखवतं, रिकाम्याचा ११० आहे. उरले ३४०. बारा कप्प्यांच्या प्लेटच्या इन्सर्टचं क्षेत्रफळ साधारण १.१२ चौरस सेंटिमीटर, म्हणजे उत्तर ३८१ ओहम-चौरस सेंटिमीटर. भागाकार केलेले थिसिस मी पाहिलेत, तेवढं सांभाळ. मीडिया खोलीच्या तापमानाला येऊ दे आणि दर वेळी त्याच तापमानाला मोज, कारण तापमानाने आकडा बराच हलतो.

इन्सर्टवर आणखी एक सुंदर गोष्ट करता येते. ट्रायटन न देता एचईसीडी-१ एका इन्सर्टला वरून दे आणि दुसऱ्याला खालच्या बाजूने. ०.४ मायक्रॉनच्या छिद्रांतून अँटिबॉडी आरामात जाते आणि खालच्या बाजूने फट उघडीच असते, कारण टाइट जंक्शन फक्त वर आहे. एकविसाव्या दिवशी वरून काळं आणि खालून लख्ख आलं की गाईडना अँटिबॉडी खराब आहे असं म्हणायला जागा उरणार नाही. खालून द्यायचं असेल तेव्हा वेळ जास्त ठेव, रात्रभर ४ अंशांवर.

तिसरी परीक्षा, जवळजवळ फुकटातली. कॅल्शियम नसलेल्या मीडियात ३ मिलिमोलर ईजीटीए (कॅल्शियम ओढून घेणारं) घालून तासभर ठेव आणि मायक्रोस्कोपखाली बघ. ई-कॅडहेरिनचा जोड कितीही तयार झाला तरी कॅल्शियमशिवाय सुटतो. डेस्मोसोमचं तसं नाही. मँचेस्टरच्या डेव्हिड गॅरॉड यांच्या गटाने एमडीसीके सेल्समध्ये दाखवलं की नुकत्याच भरलेल्या थरात डेस्मोसोमही कॅल्शियमवर अवलंबून असतात, पण पुढच्या काही दिवसांत ते कॅल्शियम काढलं तरी टिकणारे होतात. थराला जखम केली की कडेच्या सेल्सचे डेस्मोसोम पुन्हा आधीच्या सैल अवस्थेत येतात, म्हणजे जखम भरायला सेल्स सरकू शकतात. अशी माघार घेता येणारी परिपक्वता मला तरी फार विलक्षण वाटते. तुझ्या तिसऱ्या दिवसाच्या सेल्स ईजीटीएमध्ये गोल होऊन सुट्या व्हायला हव्यात. एकविसाव्याला काय होतं ते बघून जसंच्या तसं लिही. एमडीसीके ही कुत्र्याच्या मूत्रपिंडाची लाइन आहे, मॅडिन आणि डार्बी यांनी १९५८ मध्ये कॉकर स्पॅनियलपासून केलेली. त्यातलं सगळं कॅको-२ मध्ये तसंच्या तसं उतरेल असं गृहीत धरू नकोस.

सानपाडा_बेंच

ब्लॉटवाल्या अँटिबॉडीबद्दल. ती शेपटीला लागते म्हणता, तर मेम्ब्रेन कापताना खालचा भाग टाकू नका. एडीएएम१० सारखी एन्झाइम ई-कॅडहेरिनचा बाहेरचा भाग कापतात, तो सुमारे ८० किलोडाल्टनचा तुकडा मीडियात जातो आणि सेलमध्ये सुमारे ३८चा उरतो. तुमच्या अँटिबॉडीला हा ३८चा दिसेल. दिवसागणिक तो बदलतोय का ते फुकटात कळतं. सेल्स मरत असतील तरी तो वाढतो, तेव्हा आधी थराची तब्येत बघा. आणि पावसाळ्यात इन्क्युबेटरच्या पाण्याच्या ट्रेकडे लक्ष ठेवा. आमच्याकडे जुलैत २१ दिवसांचं कल्चर अठराव्या दिवशी बुरशीने गेलेलं पाहिलंय.

ऐरोली_८

सगळ्यांचे खूप आभार. गाईडना आज फेज कॉन्ट्रास्टचे फोटो आणि ट्रायटनचा मुद्दा दाखवला. त्यांनी नवी व्हायल थांबवली आणि आठ इन्सर्ट वापरायची परवानगी दिली. ३८ किलोडाल्टनचा भाग मी प्रत्येक वेळी कापून टाकत होते, कारण जीएपीडीएच (तुलनेसाठी बघतो ते प्रथिन) त्याच पट्टीत येतं. आता वेगळा ब्लॉट करते.

ताई, फिक्सआधी ट्रायटन द्यायचा तो किती आणि किती वेळ? सेल्स निघून नाही ना जाणार?

खारघर_कल्चर

नाही जात, घाई केली नाहीस तर. ०.५ टक्के ट्रायटन, बफरमध्ये मीठ, साखर आणि मॅग्नेशियम असू दे, आणि १ ते २ मिलिमोलर कॅल्शियम मुद्दाम ठेव. ईडीटीए असलेलं लायसिस बफर इथे वापरलंस तर जोड सोडवून मग मोजल्यासारखं होईल. प्रोटिएज इनहिबिटरही ईडीटीए नसलेलाच घे, गोळीच्या डब्यावर लिहिलेलं असतं. सगळं बर्फावर, १० मिनिटं, प्लेट अगदी हळू हलवायची. बफर कडेने सोड, थरावर थेट धार नको. ते काढून घेतलंस की तो झाला मोकळा वाटा. उरलेल्यावर गरम एसडीएस बफर टाकून खरवड, तो बांधलेला वाटा.

दोन्ही वाटे सारख्या आकारमानाचे कर आणि सारखंच आकारमान लोड कर. इथे प्रत्येक वाट्याचं प्रथिन मोजून मायक्रोग्रॅममध्ये सारखं करायचं नाही, नाहीतर वाट्यांचं गुणोत्तरच पुसलं जातं. जीएपीडीएच जवळपास सगळं मोकळ्या वाट्यात जायला हवं. बांधलेल्या वाट्यात ते ठळक दिसलं तर धुणं अपुरं पडलंय. बांधलेल्या वाट्यातलं सगळं ॲक्टिनलाच बांधलंय असं मात्र लिहू नकोस, ‘ट्रायटनमध्ये न विरघळणारं’ एवढंच लिही, तेवढंच तू मोजलेलं असेल.

आठ इन्सर्ट आहेत तर चार तिसऱ्या दिवसाला आणि चार एकविसाव्याला दे: एक वरून स्टेन, एक खालून, एक फिक्सनंतर ट्रायटन, एक फिक्सआधी. टीईईआर चारही इन्सर्टवर स्टेन करण्याच्या आधी घे. ब्लॉटचे वाटे साध्या सहा कप्प्यांच्या प्लेटमध्ये कर, त्याला इन्सर्ट खर्च करू नकोस.